धसका उतरवताना : मानसिक आघात आणि श्वासाची मदत



वस्तीवर दगडफेक होऊन वर्ष उलटलेले असते. पोलीस बंदोबस्त उठलेला असतो, फुटलेली कौले बदललेली असतात. तरीही रात्री गल्लीतून दोन-तीन मोटारसायकली एकदम गेल्या की एखादी आई झोपेतून दचकून उठते. आधी शेजारी झोपलेल्या मुलांना चाचपते, मग दाराची कडी पाहते. छाती धडधडत असते, तळहात ओले झालेले असतात. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी घरातले विचारतात, "काय झाले?" ती म्हणते, "काही नाही."

या "काही नाही"विषयी आम्हाला या वेळच्या आरोग्य पानावर बोलायचे आहे.

आपल्या जुन्या बायकांकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : धसका. "तिने धसका घेतला" असे त्या म्हणतात, आणि धसका माणसाच्या अंगात राहतो हेही त्यांना ठाऊक असते. डॉक्टर याला मानसिक आघात म्हणतात. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, तशी स्वप्ने पडणे, त्या जागेकडे जाणे टाळणे, लहानशा आवाजाने दचकणे, चिडचिड होणे, जवळच्या माणसांविषयीही मन बधिर होणे ही त्याची लक्षणे. ती महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडवू लागली, तर त्या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल समोर आल्यानंतर अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये हे निदान आपल्या अधिकृत पुस्तिकेत घेतले. पण हा त्रास केवळ सैनिकांना होत नाही. अपघातातून वाचलेला ड्रायव्हर, घरात मार खाणारी बाई, अत्याचार सोसलेली मुलगी, पुरात घर गेलेले कुटुंब, गटारात साथीदार गुदमरताना पाहिलेला सफाई कामगार, यांपैकी कोणालाही तो होऊ शकतो.

भीती वाटणे हा भेकडपणा नव्हे

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या तारखा आपल्याला पाठ आहेत. मोर्चे, खटले, निकाल यांची नोंद आपण ठेवली. पण अशा प्रत्येक घटनेनंतर मागे राहिलेल्या माणसांची झोप कशी गेली, मुले शाळेत गप्प का झाली, याची विचारपूस आपण तेवढ्या आस्थेने केली का, हे स्वतःला विचारायला हवे.

याचे एक कारण आपल्या लढाऊपणातच आहे. आपण भीमाची लेकरे, आपण घाबरत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. तो अभिमान रास्तच आहे. पण त्यामुळे ज्याला रात्री घाम फुटतो त्याला ते सांगायची लाज वाटते. मोर्चात सर्वांत पुढे असलेला तरुण घरी येऊन दारूच्या बाटलीत झोप शोधतो, ते यामुळेच. म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो : धसका हा शरीराचा धर्म आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. आणि तो मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ तर मुळीच नव्हे. ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली आहे. ज्या दुःखाचे कारण माणसाने माणसावर केलेला अन्याय आहे, त्याचे ओझे सोसणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

शरीरात नेमके काय होते?

धोका दिसताच मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी तयार करतो. अॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने चालते, श्वास उथळ आणि भरभर होतो, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. पळणे आणि लढणे दोन्ही अशक्य असेल तर शरीर गोठूही शकते. हातपाय हलत नाहीत, तोंडातून आवाज फुटत नाही. "तेव्हा तू ओरडली का नाहीस?" असा प्रश्न पीडितेला विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिने संमती दिली म्हणून ती गप्प राहिली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

धोका टळला की ही यंत्रणा शांत व्हायला हवी. संकट टळल्यावर आपण "हुश्श" म्हणतो, तो हीच यंत्रणा उतरत असल्याचा आवाज. धसका घेतलेल्या माणसाला मात्र तो "हुश्श" मिळत नाही. त्याच्या मेंदूतला पहारेकरी रात्रंदिवस जागा राहतो आणि मोटारसायकलच्या आवाजालाही हल्ला समजतो. "आता काही नाही, विसरून जा" असे आपण सांगतो, ते त्याला पटतेही. पण छाती ऐकत नाही.

मग छातीशी बोलायचे कसे? हृदयाला "हळू चाल" असा हुकूम देता येत नाही. घामाला थांबवता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही बदलता येतो. शिवाय श्वास आणि हृदय एकमेकांशी बांधलेले आहेत. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना किंचित मंदावते. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घेतला तर अनेकांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. शरीराला शांत करणारी वेगस नावाची मज्जा मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाते. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवला तर शरीराला "धोका टळला" असा निरोप मिळू लागतो. यात चमत्कार काही नाही. हे ज्याने त्याने स्वतः करून पाहावे.

वैशालीची एक हकिकत

श्वासाकडे लक्ष देण्याची साधना आपल्याला नवी नाही. मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात ती सोळा पायऱ्यांत सांगितली आहे. पण तिच्याशी जोडलेली एक हकिकत आपल्याकडे कमी सांगितली जाते. ती विनयपिटकात आणि संयुत्त निकायातही आहे. वैशालीजवळच्या महावनात तथागतांनी भिक्खूंना देहाच्या अशुभतेवर चिंतन करण्याविषयी सांगितले आणि ते पंधरवडाभर एकांतात गेले. इकडे भिक्खूंनी ते चिंतन इतके ताणले की त्यांना स्वतःच्या देहाची घृणा आली, आणि कित्येकांनी प्राण गमावले. तथागत परतले तेव्हा त्यांना संघ विरळ दिसला. त्यांनी आनंदांना कारण विचारले. आनंदांनी दुसरा मार्ग सांगण्याची विनंती केली, आणि तथागतांनी आनापानसति शिकवली.

ही हकिकत ग्रंथांनी लपवली नाही, हे महत्त्वाचे. आम्ही तिच्यातून दोन गोष्टी घेतो. एक, कोणतीही साधना प्रत्येकाला, प्रत्येक अवस्थेत मानवतेच असे नाही. दुसरी, साधनेने त्रास होत असेल तर दोष माणसाला देऊ नये, मार्ग बदलावा. पुढे जे सांगत आहोत ते या दोन गोष्टी धरूनच वाचावे. आनापानसतीमध्ये श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो. खालच्या व्यायामात आपण तो मुद्दाम थोडा लांबवतो, एवढा फरक आहे.

अनुभवाच्या कसोटीवर

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तमिळनाडूचा नागपट्टिनम जिल्हा उद्ध्वस्त केला. काही महिन्यांनी तेथील छावण्यांमधील तीव्र लक्षणे असलेल्या १८३ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना प्रशिक्षित शिक्षकांनी चार दिवस श्वासाचे व्यायाम शिकवले, काहींना त्यासोबत बोलण्याचा उपचारही दिला, आणि काहींना सहा आठवडे थांबायला सांगितले. श्वास शिकलेल्या दोन्ही गटांची लक्षणे पुष्कळ उतरली. थांबलेल्या गटात फारसा फरक पडला नाही. गट छावणीप्रमाणे पाडले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे, ही या अभ्यासाची मर्यादा. २०१४ मध्ये अमेरिकेतील २१ माजी सैनिकांवर असाच एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही श्वास शिकलेल्यांची लक्षणे कमी झाली. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. धर्म कोणताही असो, सावकाश म्हणण्याने श्वास संथ होतो.

नागपट्टिनमची आणखी एक बाजू सांगायला हवी. त्याच काळात तेथील दलित कुटुंबांना मदतछावण्यांत वेगळे काढले गेले, मदतवाटपात डावलले गेले, अशा नोंदी मानवी हक्क संघटनांनी २००५ मध्ये केल्या. समुद्राची भीती श्वासाने उतरेल. पाण्याच्या टँकरपाशी मिळालेल्या अपमानाला मात्र न्यायच लागेल. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

प्रत्यक्ष कसे करावे?

१. खुर्चीवर किंवा भिंतीला पाठ टेकून बसावे. दार आपल्याला दिसेल असे बसावे. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले असावेत. डोळे उघडे ठेवावेत. मिटल्या डोळ्यांपुढे अनेकांना तोच प्रसंग दिसू लागतो.

२. आधी आजूबाजूला पाहावे. पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत : पंखा, कॅलेंडर, कळशी, चप्पल, खिडकी. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे स्वतःला सांगावे.

३. नाकाने नेहमीइतकाच श्वास घ्यावा. मनात एक ते चार मोजावे. छाती फुगवू नये. एक हात पोटावर ठेवला तर श्वास घेताना पोट अलगद पुढे येते का, ते कळते.

४. श्वास सोडताना एक ते सहा मोजावे. बशीतल्या गरम चहावर हलकी फुंकर घालतो तसे ओठ करून सोडला तर सोपे जाते. चार आणि सहा अंक जमत नसतील तर तीन आणि चार मोजावेत. सोडणे घेण्यापेक्षा लांब असले की पुरे.

५. मध्ये श्वास रोखून धरू नये.

६. सुरुवात एक-दोन मिनिटांनी करावी, हळूहळू पाच मिनिटांपर्यंत जावे. सकाळी आणि झोपण्यापूर्वी असे दोनदा करावे. बरे वाटत असतानाच सराव करावा. पोहणे जसे पूर येण्यापूर्वी शिकायचे असते, तसेच हे आहे.

चार आणि सहा सेकंद मिळून एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी मोठ्या माणसाचे बसल्या जागी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास होतात. लहान मुलांना अंक मोजायला लावू नये. त्यांना भिरभिरे द्यावे किंवा साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. फुंकर आपोआप लांबते.

काय टाळावे?

घाबरलेल्या माणसाला "खोल श्वास घे, अजून खोल घे" असे सांगू नये. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, आणि माणसाला वाटते की आता जीवच जातो. त्याला "सावकाश सोड" एवढेच सांगावे, आणि आपण स्वतः त्याच्यासमोर तसे करावे.

कपालभाती, भस्त्रिका असे वेगाने करायचे प्रकार आणि श्वास कोंडून धरणे धसका घेतलेल्याने स्वतःच्या मनाने करू नये. गरोदर स्त्रिया, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असलेले यांनीही ते टाळावे.

काहींना श्वासाकडे लक्ष दिले की त्रास वाढतो. ज्याचा गळा दाबला गेला, जो पाण्यात बुडता बुडता वाचला, जो धुरात कोंडला गेला, त्याला श्वास हीच त्या प्रसंगाची आठवण असते. अशा वेळी लगेच थांबावे. तळपाय जमिनीवर दाबावेत, भिंतीला हात लावावा, तोंडावर गार पाणी मारावे, अंगणात चार फेऱ्या माराव्यात. श्वास जमला नाही म्हणजे आपण हरलो, असे मानू नये. महावनातल्या भिक्खूंसाठी मार्ग बदलला गेला, तर आपल्यासाठी का नको?

दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याचा सल्लाही ताज्या आघातानंतर घाईने देऊ नये. तासन्‌तास डोळे मिटून एकट्याने बसणे अशा अवस्थेत झेपेलच असे नाही. जायचेच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि प्रवेशअर्जात मानसिक त्रासाची माहिती लपवू नये.

विहाराने काय करावे?

आठवड्याच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या व्यायामाला देता येतील. वंदना आपण घाईने उरकतो. त्रिशरण आणि पंचशील एका सुरात, सावकाश, ओळ संपेपर्यंत एका श्वासात म्हटले तर उच्छ्वास आपोआप लांब होतो. सोबत वीस माणसांचा आवाज असतो, तो आधार एकट्याच्या सरावात मिळत नाही. व्यायाम करताना कोणावर सक्ती करू नये. ज्याला उठून जायचे त्याला जाऊ द्यावे. परवानगीशिवाय कोणाच्या पाठीवर, डोक्यावर हात ठेवू नये.

घटना घडलेल्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पाहणी पथक येते, पत्रकार येतात, पुढारी येतात, आणि प्रत्येकापुढे त्या बाईला तीच हकिकत पहिल्यापासून सांगावी लागते. दर वेळी तिचे शरीर तो प्रसंग पुन्हा भोगते. हकिकत एकदा, एका विश्वासू व्यक्तीने, तिच्या गतीने लिहून घ्यावी. बाकीच्यांनी तिला जेवलीस का, झोपलीस का, मुले कुठे आहेत, हे विचारावे. तज्ज्ञाकडे होणारा बोलण्याचा उपचार वेगळा. तो ठरवून, सुरक्षितपणे, टप्प्याटप्प्याने होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

आघातानंतरचे पहिले काही आठवडे त्रास होणे स्वाभाविक आहे, आणि माणसांच्या आधाराने बहुतेकांचा तो उतरतो. महिन्यानंतरही लक्षणे टिकली, काम आणि झोप पूर्ण बिघडली, दारू वाढली, तर मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. जीव देण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. श्वासाचा व्यायाम हा आधार आहे, संपूर्ण उपचार नव्हे. पीटीएसडीवर आघातकेंद्रित बोलण्याचे उपचार आहेत, गरजेप्रमाणे औषधेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणू नये. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करावी. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, तेथे मराठीतही बोलता येते. अत्याचाराची तक्रार आणि माहितीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे.

शांत होणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

कोणी म्हणेल, अन्याय झाला असताना श्वास मोजत बसायचे का? ही शंका आम्ही रास्त मानतो. पीडिताला ध्यानाला बसवून प्रकरण मिटवून टाकणारेही असतात. त्यांच्या हातात हे साधन देण्यासाठी आम्ही लिहीत नाही.

पण कोर्टाचा विचार करा. समोर आरोपी, त्याचे नातेवाईक, आणि उलटतपासणी करणारा वकील. धसका घेतलेला साक्षीदार तेथे गोठतो, तारखा विसरतो, आणि केस ढिली पडते. तो खोटे बोलत नसतो, त्याचे शरीर पुन्हा त्या रात्री गेलेले असते. अशा वेळी तळपाय जमिनीवर टेकून सावकाश सोडलेले पाच-सहा श्वास त्याला या जागी, या दिवशी परत आणू शकतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ ने पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाचे हक्क दिले आहेत. ते मागायलाही उभे राहता यावे लागते, आवाज फुटावा लागतो. आणि आवाज निघतो तो सोडलेल्या श्वासावरच.

म्हणून आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच मिनिटे हा सराव करून पाहावा. आणि "काही नाही" म्हणणारे माणूस घरात असेल, तर त्याच्या शेजारी बसूनच करावा.

जयभीम.